उन्हाचा वरखर्च

अठरा लाख हा आकडा मला ऐकताक्षणी आवडला आणि तिथंच माझं चुकलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं, की खरा खर्च कधी गोल आकड्यात येत नाही. तो सतरा लाख त्र्याण्णव हजार चारशे असा येतो, केस विस्कटलेला, धापा टाकत. गोल आकडा म्हणजे मुलाखतीला आलेला उमेदवार. भांग पाडलेला, बूट चकचकीत, आणि मागच्या तीन नोकऱ्या का सुटल्या त्याबद्दल अवाक्षर नाही.

हा उमेदवार ज्यानं आणला तो विक्रेता आमच्या लॉन्ड्रीत माझ्यासमोर बसला होता. ‘आमच्या’ असं म्हणायची मला निवृत्तीनंतर सवय लागली आहे. लॉन्ड्री माझ्या बायकोची. एका मशीनवर सुरू केली, आता धुण्याची तीन, पिळण्याची दोन, वाळवण्याचं एक आणि चादरी इस्त्री करणारं रुळांचं एक मोठं धूड, शिवाय नऊ माणसं. मी निवृत्त झाल्यावर तिला म्हटलं, आता तुझा हिशेब मी बघतो. ती म्हणाली, बघा की. आणि मला एक खुर्ची दिली. खुर्ची चांगली आहे. खिडकीजवळ आहे. म्हणजे कामापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब आहे.

लॉन्ड्रीचं दोन तृतीयांश उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येतं. एकशेवीस खाटांचं हॉस्पिटल. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. सगळं दुपारी चारच्या आत पोचलं पाहिजे. त्या महिन्यात वीज इतक्या वेळा गेली, की तीनदा उशीर झाला. आमच्याकडे जनरेटर होता, पण तो सुरू होईपर्यंत वीज परत आलेली असे, आणि वीज परत यायची नसेल त्या दिवशी तो सुरूच होत नसे. मग हॉस्पिटलच्या स्टोअरकीपरचं पत्र आलं: चार महिन्यांनी करार संपतोय, तोवर आणखी एकदा जरी उशीर झाला तर काम दुसऱ्या लॉन्ड्रीला. बायकोनं ते पत्र नऊही जणांना उभं राहून वाचून दाखवलं, घडी घातली आणि मशीन सुरू करायला गेली. मला वेगळं वाचून दाखवलं नाही. त्या नवात मी नव्हतो, पण ऐकू येत होतं.

तेव्हा ही कल्पना माझी. एक मालवाहू कंटेनर. त्याच्या टपावर आणि दोन्ही बाजूंना पंखांसारखी उघडणारी सौर पॅनेलं, आत बॅटऱ्या आणि त्या बॅटऱ्यांची वीज मशीनला देणारा इन्व्हर्टर. सगळं कारखान्यातूनच जोडून येतं. विक्रेता म्हणाला, आणायचं, ठेवायचं, बटण दाबायचं. मला आता वाटतं, भाषेत ‘ठेवायचं’ हा सगळ्यात महागडा शब्द असावा.

एक गोष्ट त्यानं प्रामाणिकपणे सांगितली होती. जागेची पाहणी करायला त्यांचा माणूस येईल, त्याचे बारा हजार वेगळे. मी ते नाकारले. आमचंच अंगण बघायचे बारा हजार? मी दुरुस्तीच्या कपड्यांच्या टेबलावरची टेप उचलली, अंगण मोजलं, फाटक मोजलं, आलेखाच्या कागदावर कंटेनरच्या मापाचा एक आयत कापून तो अंगणभर सरकवून पाहिला. छान बसत होता. बायकोनं त्या कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लॉन्ड्री तारण ठेवून अठरा लाखांचं कर्ज काढलं.

सही करताना ती म्हणाली, “अठरा. त्याच्यावर धंद्यातून एक पैसा निघायचा नाही. हप्ता आणि पगार जाऊन माझ्याकडे काही उरत नाही.”

“अठरा म्हणजे अठरा,” मी म्हटलं.

बोललो त्याला आठ दिवस झाले नसतील, तोच शेजारचा फर्निचरवाला चहाचा ग्लास हातात घेऊन अंगणात आला. हा गृहस्थ सल्ला देतो तो घटना घडून गेल्यावर, आणि आपल्याला ते पहिल्यापासून वाटत होतं असं वर सांगतो. पण त्या दिवशी चुकून आधी आला. त्यानं विचारलं, वजन किती. मी म्हटलं, आठ टन. त्यानं पायानं माती उकरली. मातीत त्याचा बूट बोटभर रुतला. फर्निचरवाल्याचं वजन साधारण ऐंशी किलो आहे.

म्हणून काँक्रीटचे सहा चौथरे आले. एक लाख चाळीस हजार. आता हे बायकोला कसं सांगणार? माझ्या निवृत्तीच्या पैशांच्या तीन मुदत ठेवी होत्या. मी त्यातली सगळ्यात धाकटी मोडली. धाकटी मोडताना माणसाला फार वाईट वाटत नाही, कारण थोरल्या दोघी मागे उभ्या असतात. गवंडी कामाला लागल्यावर बायकोनं विचारलं, हे अठरातच? मी म्हटलं, त्यातच. हा प्रश्न आणि हे उत्तर पुढं इतक्या वेळा झालं, की शेवटी ती नुसती भुवई उचलायची आणि मी नुसती मान डोलवायचो.

मग परवानगी. त्या कार्यालयात तीन खिडक्या होत्या. बांधकामाच्या खिडकीनं विचारलं, हे हलवता येतं का? मी म्हटलं, येतं. मग हे बांधकाम नाही, वाहनांच्या खिडकीत जा. वाहनांच्या खिडकीनं चाकं किती ते विचारलं. शून्य लिहू का, असं मी नम्रपणे विचारलं तर त्या रकान्यात शून्य चालत नव्हतं. विजेच्या यंत्रांच्या खिडकीत एक विचारी कारकून होता. त्यानं पेन खाली ठेवून मला विचारलं, आत माणूस उभा राहू शकतो का? मी म्हटलं, राहू शकतो. मग ते यंत्र कसं, तो म्हणाला, ती खोली झाली. मी पुन्हा पहिल्या खिडकीत. चौथ्या फेरीला ‘कायम वापराचे तात्पुरते बांधकाम’ असं त्याचं बारसं झालं आणि तिन्ही खिडक्यांचं समाधान झालं. त्यासाठी नकाशे, इंजिनिअरची सही, आग विझवणाऱ्या खात्याचा दाखला आणि चार लाल नळकांडी लागली. घरी येताना मला त्या कारकुनाचा राग आला नाही. मीही चौतीस वर्षं रकान्यांच्या अलीकडेच बसलो होतो. पलीकडे उभं राहिल्यावर पाय किती दुखतात ते पहिल्यांदा कळलं, इतकंच.

कंटेनर आला त्या दिवशी माझं फाटकाचं माप तंतोतंत बरोबर निघालं. फाटक दहा फूट, कंटेनर आठ फूट. फक्त कंटेनर ज्या ट्रकवर होता तो चाळीस फूट लांब होता आणि गल्लीतून फाटकात वळताना त्याला गल्ली पुरत नव्हती. गल्ली मी मोजली नव्हती. गल्ली आमची नाही. ट्रक एक दिवस उभा राहिला, त्याचं भाडं. फाटकाचा एक खांब पाडला, तो पुन्हा बांधला, त्याचा खर्च. पाण्याची टाकी पॅनेलांवर सावली पाडत होती, ती हलवली. दुसऱ्या दिवशी क्रेन आली आणि तिनं ते आठ टनांचं धूड असं अलगद उचलून चौथऱ्यांवर ठेवलं, की नऊही माणसं काम सोडून बघत राहिली. क्रेनवाल्याला मी पंचेचाळीस हजार मोजले आणि मला पहिल्यांदाच एखाद्या पैशाचं समाधान वाटलं.

तासाभरानं विक्रेत्याचा तंत्रज्ञ बटण दाबायला आला. त्यानं कंटेनरला एक फेरी मारली. मग दुसरी मारली. मग मला विचारलं, दार कुठं आहे.

दार कुंपणाच्या भिंतीकडे होतं. भिंत आणि दार यांच्यात एक वीत अंतर होतं. माझ्या आलेखाच्या कागदावर कंटेनरला दारच नव्हतं, आयताला नसतं. फर्निचरवाला ग्लास घेऊन हजर झालाच. म्हणाला, दार भिंतीकडे आहे ते मला उतरवतानाच दिसलं होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाला, मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंय, चोरांसाठी.

क्रेन परत आली. क्रेनवाल्यानं जुनं गिऱ्हाईक म्हणून पाच हजार कमी घेतले. मधली ठेव गेली.

त्यानंतर कंटेनरपासून आमच्या मुख्य बोर्डापर्यंत जमिनीखालून तांब्याची जाड केबल. विक्रेत्याच्या कागदात केबल होती, तीन मीटर. आमचा बोर्ड बेचाळीस मीटर लांब आहे. मग अर्थिंगचे खड्डे, नवा मीटर, विमा. आणि मग विक्रेत्याचं एक पत्र, की बॅटऱ्यांना उष्णता चालत नाही, आत दोन एसी बसवणं बंधनकारक आहे. उन्हावर चालणाऱ्या यंत्राला ऊन सोसत नाही, हे मी दोनदा वाचलं. एसी बसवले त्या दिवशी इस्त्रीच्या रुळांवर वीस वर्षं काम करणाऱ्या मावशी वाफेतून बाहेर आल्या, कंटेनरच्या उघड्या दारात दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, साहेब, आत बॅटरीची जागा रिकामी झाली तर सांगा. त्या हसत होत्या. मीही हसलो. पण त्या रुळांजवळ एकच पंखा आहे, आणि तोही वाफ इकडची तिकडे करतो, हे त्या दिवशी मला दिसलं. इतके दिवस मी तो पंखा फक्त वीजबिलात पाहिला होता.

थोरली ठेवही अशी संपली. ठेवी मुदतीआधी मोडल्यानं जे व्याज बुडालं ते मी माझ्या यादीत धरलं नाही. काही आकडे माणसानं स्वतःलाही सांगू नयेत.

आणि मग करार संपायला सात आठवडे असताना एका सकाळी आठ वाजता वीज गेली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. याच क्षणासाठी तर सगळं केलं होतं. कंटेनरनं सूत्रं हाती घेतली, दिवे लागले, सगळी मशीनं एकदम सुरू झाली आणि तीन सेकंदांनी सगळं गप्प झालं. पुन्हा लावलं, पुन्हा गप्प. ओल्या चादरींचे ढीग, भिंतीवरचं घड्याळ आणि नऊ माणसं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

विक्रेत्याला फोन लावला. त्यानं विचारलं, लोड कसा काढला होतात? मी अभिमानानं सांगितलं: महिन्याचे युनिट भागिले सव्वीस दिवस भागिले नऊ तास. सरासरी. त्यानं तो भागाकार स्वतः करून पाहिला. मग हळूच म्हणाला, सर, मशीन सरासरीवर चालत नाही. आमच्याकडे आठच्या ठोक्याला सगळी मशीनं एकदम लावायची पद्धत, कारण आदल्या संध्याकाळी सगळी भरून ठेवलेली असतात. त्या पहिल्या काही मिनिटांत ती जितकी वीज ओढतात तितकी दिवसभरात पुन्हा कधी ओढत नाहीत. ते शिखर माझ्या सरासरीत सपाट होऊन झोपलं होतं. उपाय होता: मोठा इन्व्हर्टर. चार लाख. आता मोडायला माझ्याकडे फक्त मी उरलो होतो.

मी फोन ठेवला. मावशी जवळच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता बायकोला सांगितलं, ताई, पूर्वी आपली विजेची लाइन लहान होती तेव्हा आपण एकेक मशीन लावायचो ना, घड्याळ लावून. पहिलं पाणी तापवून झालं की दुसरं. बायको म्हणाली, हो की. बस्स. आठ वीसला पहिलं मशीन लागलं, त्याचं पाणी तापल्यावर दुसरं, मग तिसरं, मग पिळायचं, आणि रूळ तापवायचे ते तिन्ही धुणी थांबल्यावर. कंटेनर मांजरासारखा गुरगुरत राहिला, पण पडला नाही. चारला दहा कमी असताना चादरी हॉस्पिटलच्या दारात होत्या. या उपायाचा खर्च मी लिहायला घेतला. रकाना रिकामा राहिला.

संध्याकाळी मी मावशींना विचारलं, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? त्या गळ्याभोवतीचा पंचा काढत म्हणाल्या, “तुम्ही अंगण मोजलंत, साहेब. आम्हाला कुठं विचारलंत?”

दुसऱ्या दिवशी बायकोनं माझी खुर्ची खिडकीजवळून उचलून विजेच्या बोर्डाजवळ नेली. वर घड्याळ, समोर बोर्डावरचे दिवे आणि तक्ता: आठला पहिलं, आठ वीसला दुसरं. वीज गेली की तक्त्याप्रमाणे मी हात वर करायचा आणि मग त्या त्या माणसानं आपलं मशीन लावायचं. मी एके काळी अकरा शाखांचा ताळेबंद जुळवलेला आहे. आता मी हात वर करायचो. फर्निचरवाला एकदा दारातून बघून गेला आणि नशिबानं काही बोलला नाही.

करार संपायच्या आठवड्यात हॉस्पिटलचा स्टोअरकीपर स्वतः आला. किडकिडीत माणूस, चादरी स्वतः मोजून घेतो, घडीच्या कडेवर अंगठा फिरवत. त्यानं कंटेनरला फेरी मारली, आत डोकावला, टेबलाशी येऊन बसला. पत्रानंतर एकदाही उशीर झाला नाही, असं त्यानं कबूल केलं. मग म्हणाला, आता तुमची वीज फुकट झाली. सूर्य काही बिल पाठवत नाही. तेव्हा नव्या करारात दर पंधरा टक्के कमी हवा. दुसरी लॉन्ड्री त्या दराला तयार आहे.

बायकोनं पंधरा टक्क्यांचा हिशेब मनात केला. मला तिच्या बोटांवरून कळतं. तिच्या उजव्या हाताचं बोट टेबलावर दोनदा टेकलं, म्हणजे दोन माणसं कमी करावी लागणार. तिनं अठरा लाखांचं कर्ज आणि हप्ता सांगितला. तो म्हणाला, अठरा लाख तर सहा वर्षांत वसूल होतील, मग पुढं नुसता नफाच ना? आकडा त्याच्याही कानाला गोड लागला होता.

माझ्या खिशात यादी होती. तेरा कलमं, तारीखवार. सहा आठवडे ती खिशात घेऊन मी फिरत होतो, अंघोळीला जाताना उशीखाली ठेवत होतो. ती बाहेर काढली तर दर वाचण्याची शक्यता होती. आणि ती बाहेर काढली तर समोर बायको बसली होती.

मी कागद उलगडला आणि वाचायला लागलो. सहा चौथरे. नकाशे आणि सही. दाखला आणि नळकांडी. ट्रकचं एक दिवसाचं भाडं. फाटकाचा खांब. टाकी. क्रेन. क्रेन, दुसऱ्यांदा. इथं स्टोअरकीपरनं वर पाहिलं, तेव्हा मला दाराची गोष्ट सांगावी लागली. बेचाळीस मीटर केबल. अर्थिंग, मीटर, विमा. बॅटऱ्यांसाठी दोन एसी. एकूण साडेआठ लाख, अठराच्या वर. मी बायकोकडे बघितलं नाही.

स्टोअरकीपरनं खुर्ची जरा पुढं ओढली. मग त्यानं जरा ओशाळून सांगितलं, की आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात असाच कंटेनर ठेवायचा विचार चाललाय. पंचवीस लाखांचा कागद आलाय. पाहणीचे पैसे साहेबांनी कापायला सांगितलेत, तेव्हा पाहणी मलाच करायची आहे. “तुमच्या यादीची एक नक्कल मिळेल का?” त्यानं विचारलं. बायकोनं लगेच विचारलं, दराचं काय. तो म्हणाला, दर आहे तोच, दोन वर्षं. यादी द्या, उद्या सही करून पाठवतो. मी नक्कल करून दिली. जाताना त्यानं कंटेनरच्या दाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पुन्हा एकदा बघून घेतलं.

तो गेल्यावर बायकोनं हात पुढं केला. मी मूळ कागद दिला. तिनं रकमा पाहिल्याच नाहीत. डावीकडच्या तारखांवरून बोट फिरवत गेली.

“अकरा तारखेला तुम्ही डोळे तपासायला गेला होतात.”

“बँकेत होतो.”

“आणि सव्वीसला? जुन्या ऑफिसात कुणाचा तरी निरोप समारंभ होता. भेटवस्तूसाठी माझ्याकडून पाचशे नेले होतेत.”

“तेही बँकेत. पाचशे मागच्या बाजूला जमा धरलेत.”

तिनं कागद उलटून पाहिला. धरलेले होते. तिनं कागद पुन्हा सुलटा केला. मग म्हणाली, “मला सांगितलं असतंत तर पहिल्या चौथऱ्यालाच मी हे थांबवलं असतं.”

“म्हणून नाही सांगितलं.”

“आणि थांबवलं असतं तर आज काम गेलेलं असतं.” तिनं कागदाची घडी घातली. “तरी बरं केलंत असं मी म्हणणार नाही.”

मी म्हटलं, नको म्हणूस.

“म्हणजे डोळे तपासलेच नाहीत,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग एवढ्या बारीक अक्षरातलं त्याच्यासमोर वाचलंत कसं?”

“वाचलं नाही,” मी म्हटलं. “पाठ आहे.”

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती उठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जागी घड्याळाखाली स्वतः उभी राहिली व मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांचा नंबर वाढला होता. नवा चष्मा चार हजार तीनशे पन्नासला पडला. पावती आणून तिच्यासमोर ठेवली. तिनं आधी तारीख पाहिली, मग शिक्का पाहिला, आणि लॉन्ड्रीच्या खर्चाची वही पुढं ओढून तीत लिहायला लागली.

चष्मा हा घरचा खर्च आहे, धंद्यात टाकता येणार नाही, असं मी तिला सांगितलं. चौतीस वर्षांची सवय.

“धंद्याचाच आहे,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “बोर्डावरचे दिवे बघणाऱ्या माणसाचा आहे.”